कुटुंब, कायदा आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘कौटुंबिक जीवन आणि कायदा’ या विषयावर बोलायला सांगितलं. त्यावर एक-दोघांनी विचारलंही, की वर्धापन दिनासारख्या मंगल प्रसंगी कोर्टकचेरीची भाषा कशाला? माझं म्हणणं असं, की या विहारात आपण काय करतो ते आधी बघा. बाळाचं नाव इथे ठेवतो. लग्न इथे लावतो. घरातलं माणूस गेलं की पुण्यानुमोदनाला इथेच जमतो. म्हणजे जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही वेळी कुटुंब विहारात येतं. आणि नेमक्या याच तीन वेळी कायदाही दारात उभा असतो. तेव्हा विषय परका नाही.

मी काही वकील नाही, हे आधीच सांगते. मी दस्त नोंदणीच्या कचेरीत बरीच वर्षं कारकुनी केली. खरेदीखत, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र असे कागद रोज हाताखालून जायचे. बोलताना सगळी घरं सारखी वाटतात. कागदावर आली की कळतं, कोणाला किती किंमत आहे. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट. घरात काही नवीन आलं की म्हातारी माणसं म्हणतात, “आपल्यात असं कधी नव्हतं.” आता खरंच कधी नव्हतं का, ते बघू.

आपल्या पूर्वजांच्या जातीत, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी कष्टकरी जातींत, काडीमोड होता. नवरा-बायकोचं पटेना तर पंचांसमोर काडी मोडायची आणि दोघं मोकळी. विधवेला पाट लावता येत होता. त्याच काळात वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेचं केशवपन होत होतं. म्हणजे ज्यांना अडाणी म्हटलं जायचं त्यांच्या बाईला एक वाट होती, आणि शास्त्र जाणणाऱ्यांच्या बाईला ती नव्हती. गंमत पुढेच आहे. थोडं शिक्षण, थोडा पैसा आला तसा आपल्यातल्या काहींना पाट हा शब्दच हलका वाटू लागला. वरच्यांचं अनुकरण करण्यात आपण जे चांगलं होतं तेही टाकलं. तेव्हा बदल नेहमी पुढेच नेतो असं समजू नका. तो मागेही नेतो.

पण जुनं ते सगळं सोनं होतं, असंही नाही. महारकीचं वतन आठवा. वतन घराण्याचं असायचं, आणि घराणं म्हणजे पुरुष. वतनाचा १८७४ चा कायदा होता, त्यात १८८६ साली दुरुस्ती झाली. तिने असं ठरवलं, की शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून वतनी कुटुंबातल्या बाकी बायकांचा वारसा त्या कुटुंबातल्या पुरुषांच्या मागे राहील. मुलगी असली तरी लांबचा चुलतभाऊ तिच्या पुढे. ज्या वतनाच्या गुलामीतून आपल्याला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं, ते वतन बाईला तर दुहेरी बांधत होतं. पुढे १९५८ च्या कायद्याने ही हलकी वतनं गेली. वतन गेलं, पण ‘घर मुलाचं’ हा विचार मात्र आपण शहरात येताना ट्रंकेत घालून बरोबर आणला.

दुसरी गोष्ट, कायदा बदलतो कसा? कुणीतरी आधी ‘नाही’ म्हणावं लागतं. मुंबईच्या रखमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सुतार जातीतल्या. लहानपणी अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८५ साली पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण वरच्या पातळीवर तो उलटला, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या खटल्याने देशभर चर्चा झाली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारा झालं. बारा! आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या वेळी तेवढ्यासाठीही केवढा विरोध झाला. मग १९२९ चा शारदा कायदा आला, मुलीला चौदा. १९४९ साली पंधरा. १९७८ साली अठरा, आणि मुलाला एकवीस. म्हणजे दहापासून अठरापर्यंत यायला सत्याऐंशी वर्षं लागली. आणि दर वेळी विरोध करणारे हेच म्हणत होते, “आपल्यात असं कधी नव्हतं.”

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपण त्यांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणतो, ते योग्यच आहे. पण घरातल्या बाईसाठी त्यांनी काय केलं हे आपल्या घरात किती जणांना नीट सांगता येईल? १९२८ साली गिरणी-कारखान्यातल्या बाळंतीण बाईला पगारी रजा मिळावी म्हणून ते कायदेमंडळात बोलले, आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९४२ च्या जुलैत नागपूरला महिलांची परिषद भरली. तिथे ते बायकांना म्हणाले, की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, मुलं मोजकी असू द्या, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभं राहावं, दासी म्हणून नाही. ते साल लक्षात घ्या, १९४२. आज आपल्या किती घरांत सून बरोबरीने उभी आहे, ते ज्याचं त्याने मनात बघावं.

आणि मग हिंदू कोड बिल. त्या आधी कायदा काय होता? पुरुष कितीही बायका करू शकत होता. मुंबई प्रांतापुरती १९४६ साली त्यावर बंदी आली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला, पण देशभर तसं नव्हतं. मुलीला वडिलांच्या मिळकतीत बरोबरीचा वाटा नव्हता. विधवेला जे मिळायचं ते तिच्या हयातीपुरतं, विकायचा-द्यायचा अधिकार नाही. बाबासाहेबांच्या बिलात एकपत्नीत्व होतं, घटस्फोट होता, मुलीला मुलाइतका वाटा होता, बाईच्या मिळकतीवर तिचा पूर्ण हक्क होता. एवढंच नाही, नुसतं मुलगा म्हणून जन्माला आल्याबरोबर मिळकतीत हक्क, ही जुनी पद्धतच त्यांना मोडायची होती. संसदेत त्यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली, विरोध झाला. १९५१ च्या सप्टेंबरात मोजकीच कलमं पास झाली आणि बिल बाजूला पडलं. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणं अनेक होती, पण हे त्यातलं मोठं कारण. मंत्रिपद सोडणारा माणूस कोणासाठी सोडत होता? देशातल्या सगळ्या बायकांसाठी, सगळ्या जातींच्या.

नंतर तेच बिल तुकड्यातुकड्याने आलं. १९५५ साली विवाह कायदा. १९५६ साली वारसा, पालकत्व, आणि दत्तक व पोटगी असे तीन कायदे. बरंच काही आलं, पण एक खिळा ढिला ठेवला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलग्यालाच राहिला. तो खिळा पुढे पन्नास वर्षं टोचत राहिला. त्यावर येतेच.

आता तिसरी गोष्ट, आपलं लग्न. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली आणि आपण जुने विधी सोडले. होम नाही, सप्तपदी नाही, मुहूर्त नाही. पांढरी वस्त्रं, त्रिशरण-पंचशील, परस्परांना प्रतिज्ञा, मंगलसुत्त. साधा, थोडक्यात आणि कमी खर्चाचा विवाह. पण कायद्याच्या बाजूने बौद्धांना कोणता कायदा लागतो? पुष्कळांना हे ठाऊक नसतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागतो, असं त्याच्या कलम २ मध्येच लिहिलं आहे. वारसा कायद्याचंही तसंच. हे आपल्यातल्या पुष्कळांना खटकतं, आणि बौद्धांचा स्वतंत्र विवाह कायदा हवा ही मागणी आपण कित्येक वर्षं ऐकत आलो आहोत. ती मागणी तिच्या जागी आहे. पण ती पूर्ण होईपर्यंत मुलीचा संसार काही थांबत नाही. म्हणून आज जो कायदा आहे तो नीट समजून घ्या.

या कायद्याचं कलम ७ म्हणतं, की विवाह दोघांपैकी एकाच्या तरी रूढ विधीप्रमाणे झाला पाहिजे. सप्तपदी सगळ्यांना सक्तीची नाही. ज्यांच्या रूढीत ती आहे त्यांच्यासाठीच ती. मग रूढी कशाला म्हणायचं? जी पुष्कळ काळ, सतत आणि सारखी पाळली जाते ती. हे तीन शब्द ध्यानात ठेवा. १९५६ साली आपला विधी नवा होता. आज जवळजवळ सत्तर वर्षं झाली, तिसरी-चौथी पिढी त्याच विधीने संसाराला लागली. ‘पुष्कळ काळ’ हे झालं. ‘सतत’ हेही झालं. पण ‘सारखी’? इथे मला भीती वाटते. एका लग्नात त्रिशरण-पंचशील होतं आणि आदल्या दिवशी पत्रिका बघून मुहूर्त काढलेला असतो. दुसऱ्या लग्नात बौद्धाचार्य दहा मिनिटांत उरकतात, कारण बाहेर डीजे थांबलेला असतो. तिसऱ्यात दोन्ही विधी, सासरचा वेगळा, माहेरचा वेगळा. उद्या भांडण झालं, नवऱ्याने कोर्टात सांगितलं की लग्नच झालं नव्हतं, तर तुमची मुलगी कोणता विधी सिद्ध करणार?

तुम्ही म्हणाल, नोंदणीचा दाखला आहे ना. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. विधी केलाच नव्हता, नुसता संस्थेचा आणि नोंदणीचा दाखला घेतला होता. न्यायालयाने सांगितलं, हिंदू विवाह कायद्याखाली विधी झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने विवाह होत नाही. दाखला हा झालेल्या विवाहाचा पुरावा, तो विवाह नव्हे. ज्यांना विधी नकोच त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अधिकाऱ्यासमोर विवाह होतो. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. वाईट आहे ती अर्धवट वाट. विधीही धड नाही आणि नोंदणीही नाही, अशी लग्नं आपल्यात आजही होतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांत नोंदणी करायची असते. पण हळद, वरात, पंगत यांची यादी महिनाभर आधी तयार असते आणि नोंदणीचा अर्ज वर्षभर कपाटात राहतो.

असंच सोडचिठ्ठीचं. स्टँप पेपरवर लिहिलं, नोटरीचा शिक्का मारला, चार नातेवाइकांनी सह्या केल्या, की घटस्फोट झाला असं पुष्कळ समजतात. रूढीचा काडीमोड कायद्याने पूर्ण बंद केलेला नाही, पण तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. दोघांचीही तयारी असेल तर १९७६ पासून संमतीने घटस्फोटाची सोय आहे. कौटुंबिक न्यायालयात जा, हुकूम घ्या. नाहीतर दुसरं लग्न केलेली मुलगी पुढे संकटात सापडते आणि तिच्या मुलांनाही त्रास होतो.

आता चौथी गोष्ट, आणि ती मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. हक्कसोडपत्र.

वडील वारतात. गावाकडे थोडी जमीन असते, इथे एक खोली असते. महिना-दोन महिन्यांनी भाऊ बहिणींना घेऊन कचेरीत येतो. बहिणी नीट लुगडं नेसून, पदर घेऊन आलेल्या. साहेब विचारतात, “काय लिहिलंय ते समजलं का? राजीखुशीने देता ना?” ती ‘हो’ म्हणते. म्हणताना साहेबांकडे बघत नाही, भावाकडे बघते. अंगठा किंवा सही होते. मग भाऊ सगळ्यांना चहा पाजतो. असे कागद मी किती पाहिले त्याची मोजदाद नाही. वीस रुपयांची भाजी घेताना घासाघीस करणारी बाई आयुष्यातला सगळ्यात मोठा हिस्सा न विचारता देऊन जाते.

कायदा काय म्हणतो ते ऐका. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई हयात असेल तर तीही, या सगळ्यांना सारखा वाटा. हे आजचं नाही, १९५६ पासूनचं आहे. मात्र राहत्या घरात भाऊ राहत असतील तर बहिणीला वाटप मागता येत नव्हतं. ती अट २००५ साली गेली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मतः हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने मुलगी आणि मुलगा सारखे झाले, लग्न झालेली असो वा नसो. तरी वाद राहिलाच, की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गरज नाही, हक्क जन्माने आहे. कायदेशीर वाटप २० डिसेंबर २००४ पूर्वी होऊन गेलं असेल तर मात्र ते उकरता येत नाही. बाबासाहेबांच्या बिलात मुलीला मुलाइतका वाटा होता. तो प्रश्न सुटायला असा एवढा काळ गेला.

आणि तोही कागदावरच सुटला. कारण बहिणीला हक्क नको असतो असं नाही. तिला भीती असते, हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. रक्षाबंधनाला, भाऊबीजेला दार उघडं राहणार नाही. सासरी काही झालं तर परत यायला जागा उरणार नाही. म्हणजे माहेर टिकवण्याची किंमत म्हणून ती वाटा सोडते. आता मला सांगा, ज्या माहेरासाठी किंमत मोजावी लागते ते माहेर कसलं?

भावांची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. आईवडिलांचं दुखणं-खुपणं त्यांनी आणि त्यांच्या बायकांनी काढलेलं असतं. खोलीचं भाडं, कर्जाचे हप्ते त्यांनी भरलेले असतात. एखादी बहीण सुस्थितीत असते, ती मनापासून म्हणते की भावाला राहू दे. तो तिचा अधिकार आहे, कायदाही त्याला आड येत नाही. माझं मागणं एवढंच, की तिला आधी हिस्सा किती आहे ते सांगा. कागद घरी वाचायला द्या. विचार करायला चार दिवस द्या. मग ती जे देईल ते दान. न सांगता घेतलं, तर पंचशीलातलं दुसरं शील काय सांगतं ते आपण रोज म्हणतो. न दिलेलं घेऊ नये. त्या शीलाला घराचा उंबरठा लागू नाही, असं कुठे म्हटलेलं नाही.

भगवान बुद्धांचंच बघा. कोसलचा राजा प्रसेनजित याला राणी मल्लिकेला मुलगी झाल्याची बातमी कळली तेव्हा तो नाराज झाला. बुद्धांनी त्याला सांगितलं, मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची कर्तव्यं सांगितली आहेत. त्यात नवऱ्याने बायकोचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, असं आहे. बायकोची, मुलांची, आईवडिलांची कर्तव्यंही तिथेच आहेत. कोणा एकावर भार नाही, दोन्ही बाजूंनी बांधिलकी. कायद्याला जे अलीकडे सुचलं ते धम्माने आधीच सांगून ठेवलं होतं.

कायदा आपला चालतोच आहे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने आईच्या पालकत्वाचा अर्थ रुंद केला. २००५ साली घरातल्या हिंसेविरुद्ध कायदा झाला. २००७ साली म्हाताऱ्या आईबापांच्या निर्वाहाचा कायदा झाला, आणि तो करावा लागला ही आपल्या सगळ्यांच्या विचाराची गोष्ट आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने आईचं नाव वडिलांच्या आधी आणलं. या वस्तीत जी बाळं आता जन्मतील त्यांच्या दाखल्यावर आईचं नाव आधी असेल. तेवढ्या आईला घराच्या कागदावर जागा द्यायला आपल्याला कोणाचा कायदा आडवा येतो? कोणाचाच नाही.

शेवटी विहार समितीला माझी विनंती आहे. विहारात लागणाऱ्या प्रत्येक विवाहाची एक जाड वही ठेवा. तारीख, वधू-वर, त्यांचं वय, विधी कोणी लावला, साक्षीदार कोण, सगळ्यांच्या सह्या. विधी पूर्ण आणि एकसारखा करा, घाई करू नका. त्याच दिवशी वधू-वरांच्या हातात नोंदणीचा अर्ज द्या. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय तारीख देऊ नका. आणि महिन्यातून एका रविवारी बुद्धवंदनेनंतर तासभर महिला मंडळात हे कागद वाचायला बसा. आपल्या वस्तीत शिकलेल्या मुली आहेत, वकिली करणारी मुलं आहेत, ती येतील.

भावांना माझी विनंती आहे, आणि ती मी मोठी बहीण म्हणून करते. पुढच्या वेळी बहिणीला कचेरीत आणाल तेव्हा तिला कुठे सही करायची हे बोट ठेवून दाखवू नका. आधी तिला कागद वाचू द्या. नाही समजला तर समजावून सांगा. ती ‘हो’ म्हणाली तर नमस्कार करा. ‘नाही’ म्हणाली तरी भाऊबीजेला दार उघडं ठेवा.

 

भवतु सब्ब मंगलं.